प्रायोजकाची बसायची जागा

कुबातबेकला पैसे द्यायचे होते आणि बुरुलला ते हवे होते, तरीसुद्धा सगळं गाडं अडून बसलं होतं ते एका सहीपायी.

डोंगरातल्या आमच्या अत-बाशी गावात पैसा असलेली माणसं आहेत आणि दिलदार माणसंही आहेत. पण दोन्ही एकाच ठिकाणी सापडायचं तर पेट्रोलपंपावरच जावं लागतं. पंप कुबातचा, मालट्रक कुबातचे, आणि कुणाच्याही लग्नात माईक हातात घेऊन "माझ्याकडून एक घोडा" असं जाहीर करायची हौसही कुबातचीच. पस्तिशीचा गडी, गोल चेहऱ्याचा, मनानं मोकळा. फक्त कोणी कागद पुढे सरकवला की त्याचं तोंड कडू व्हायचं.

"मी तुला शब्द दिला की नाही?" तो बुरुलला विचारायचा.

"दिलात, कुबात आके."

"चार माणसांसमोर दिला?"

"भर बाजारात दिलात."

"मग सही कशाला? पंप खांद्यावर टाकून मी पळून जाणार आहे का? हे घे पैसे आणि सुट."

आणि तो खरोखरच खण उघडून नोटांचं पुडकं तिच्यापुढे धरायचा. बुरुल दोन्ही हात पाठीमागे न्यायची. पैसे बघून हात मागे नेणारी मुलगी अत-बाशीनं याआधी पाहिलेली नव्हती, त्यामुळे ती आली की पंपावरचे कामगार नळी तशीच गाडीत सोडून काचेपाशी येऊन उभे राहायचे.

बुरुलला हा कडकपणा शिकवला होता झूरा एजेनं. झूरा एजे गावची नोटरी. आमच्याकडे थोरल्या पुरुषाला आके म्हणतात, म्हणजे दादा, आणि थोरल्या बाईला एजे, म्हणजे ताई. बोलताना ती माणसाकडे बघत नाही, शिक्क्याकडे बघते. बुरुल पहिल्यांदा तिच्याकडे गेली तेव्हा एजेनं तिला समोर बसवून सांगितलं होतं, की खैरात वेगळी, भेट वेगळी आणि स्पॉन्सर वेगळा. स्पॉन्सर म्हणजे तो काहीतरी देणार, बदल्यात तूही काहीतरी देणार, आणि दोन्ही कागदावर. पैसा हातातून नाही, बँकेतून. आणि लोकांना नफ्याचं गाजर दाखवून एक सोमही गोळा करायचा नाही, नाहीतर मीच तुला आत टाकीन. हे शेवटचं सांगायची गरज नव्हती. काही वर्षांपूर्वी एका गोड बोलणाऱ्या माणसानं दूध कारखाना काढतो म्हणून घरोघर पैसे गोळा केले होते. बुरुलच्या आईचे, असिलकानचे, गाय विकलेले पैसे त्यातच गेले. कारखान्याची वीटसुद्धा कुणी पाहिली नाही. तेव्हा आपण घेऊ तो पैसा उजळ माथ्यानं घेऊ, एवढं बुरुलनं पक्कं धरलं होतं.

पैसे हवे होते ते तिच्या अॅपसाठी. नाव होतं 'बेल्गी', म्हणजे खूण. आमच्याकडे प्रत्येक घराची मेंढीच्या कानाची कापणी ठरलेली असते. कुणाची टोकाला चीर, कुणाची कडेला खाच. घोड्याच्या मांडीवर डाग असतो. उन्हाळ्यात सगळे कळप वर कुरणांवर गेले की जनावरं चुकतात, दुसऱ्याच्या कळपात मिसळतात. सापडलेल्या जनावराचा कान बघून ते आपलं नाही एवढं कळतं, पण कुणाचं ते कळत नाही. बुरुल लहान असताना तिच्या वडिलांची घोडी अशीच चुकली. हिवाळा तोंडावर येईपर्यंत ते डोंगरामागून डोंगर हिंडले, आजारी पडून परतले, आणि घोडी शेजारच्याच खोऱ्यात मजेत चरत होती. वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण राजधानीत, बिश्केकला कॉम्प्युटर शिकताना बुरुलच्या डोक्यातून ती घोडी काही गेली नाही. म्हणून बेल्गी. सापडलेल्या जनावराच्या कानाचा फोटो काढायचा, बेल्गी मालकाचं नाव सांगणार. वर नेटवर्क नसतं, तर फोटो फोनमध्येच थांबणार आणि माणूस खिंडीवर आला की आपोआप निघणार. मुलीनं अॅप खरंच चांगलं केलं होतं. सर्व्हरचं भाडं, नकाशांचा खर्च आणि वर्षभर तिचं स्वतःचं पोट, एवढंच राहिलं होतं.

आणि वेळ राहिला नव्हता. कळप मे महिन्यात वर जाणार. त्याआधी घराघराचे कान बेल्गीत चढले नाहीत तर पुढच्या वर्षापर्यंत सगळं मुसळ केरात. आणि पुढच्या वर्षी बुरुल अत-बाशीत असणारच नव्हती. तिची थोरली बहीण मॉस्कोत एका शिवणाच्या कारखान्यात होती आणि तिनं शेजारचं मशीन बुरुलसाठी धरून ठेवलं होतं. मायलेकींचं ठरलं होतं: कळप वर जाईपर्यंत पैसे उभे राहिले तर अॅप, नाहीतर मॉस्को.

असिलकानबाई ठरलेलं विसरू देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी बाजारातून मोठी चौकड्यांची पिशवी आणली आणि संदुकीवरच्या गोधड्यांच्या चळतीवर, घरात शिरताच दिसेल अशी, नेऊन ठेवली. "मी रोज एकेक वस्तू भरतेय," त्या म्हणायच्या. "तू फीर कागद घेऊन." पिशवी दिवसेंदिवस फुगत चालली. बुरुलनं रागानं तिला कधी हातसुद्धा लावला नाही.

सहीचा घोळ अखेर सोडवला तो झूरा एजेनंच, तोही डिझेल भरायला आली असताना. गाडीतून न उतरता तिनं कुबातला हाक मारली.

"काय रे, त्या पोरीचा कागद तुला नको म्हणे?"

"एजे, माझ्यावर विश्वास नाही म्हणून ती मला बांधून घालतेय."

"गाढवा, वाचलास का? ती तुला बांधत नाही, तू तिला बांधतोयस. पैसे घेऊन तुझं नाव अॅपमध्ये दाखवलं नाही तर तिची मानगूट तुझ्या हातात."

कुबातनं हे ऐकलं मात्र, त्याचा चेहराच खुलला. मानगूट हातात येणार म्हटल्यावर त्यानं पंपाच्या काउंटरवरच सही ठोकली, वर स्वतःच्या घोड्यांचा डागही काढून दिला, आणि जमलेल्यांना चहा पाजला. 'सर्वांत मोठ्या प्रायोजकाला सर्वांत ठळक जागा', असं त्या करारात लिहिलं होतं. बेल्गीत नावं दिसली की आठवड्यात सगळ्यांचे पैसे बँकेत यायचे होते.

दुसरी प्रायोजक जनावरांच्या औषधांच्या दुकानाची तोलकुन एजे. पन्नाशीची, हिशेबाला चोख. तिनं करार दोनदा वाचला, घासाघीस करून आपल्या जंतांच्या औषधाचं चित्रही त्यात घुसवलं आणि सही केली.

तिसरे माम्बेताली आबा. हे कुबातच्या वडिलांचे थोरले भाऊ, ऐंशीच्या पुढचे, डोक्यावर पांढरी उंच टोपी आणि जिभेवर कायम काहीतरी खोडसाळ. ते एके सकाळी एक मेंढा ओढत बुरुलच्या फाटकाशी आले.

"मीपण स्पॉन्सर," ते म्हणाले. "हा घे."

बुरुलनं समजावून सांगितलं की मेंढा बँकेत भरता येत नाही. आबांनी मेंढ्याकडे पाहिलं, मेंढ्यानं आबांकडे पाहिलं. मग रविवारच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी तो विकला आणि पैसे घेऊन थेट बँकेसमोर जाऊन बसले; नावं दिसेपर्यंत थांबायचं असतं हे त्यांना पटेना. झूरा एजेच्या टेबलावर सही करताना त्यांनी जीभ बाहेर काढून एकेक अक्षर कोरलं. बुरुलच्या डोळ्यांत पाणी आलं. या म्हाताऱ्याच्या मेंढ्यावर आपण मॉस्कोला पळालो तर आपल्यासारखे नालायक आपणच, असं तिला वाटलं.

आणि मग तिनं घोटाळा केला.

बिश्केकच्या प्रशिक्षणात एका टाय लावलेल्या गृहस्थानं तिला शिकवलं होतं, की प्रायोजकांची नावं पैशांप्रमाणे लावायची. ज्याचे जास्त तो वर. बुरुलनं तसंच केलं. बेल्गीच्या पानावर सगळ्यात वर कुबातबेक, त्याखाली तोलकुन, सगळ्यात खाली माम्बेताली. तिनं ते कौतुकानं आईला दाखवलं, पण असिलकानबाईंनी चष्म्याअभावी फक्त "रंग छान आहे" म्हटलं. शनिवारी संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर बेल्गी गेली.

ज्या गावात जन्मली, ज्या गावात उभा जन्म दाराशी बसून चहा ओतला, त्याच गावची मुलगी ती, पण फोनच्या काचेला दार आणि तोर असतो हे काही तिच्या लक्षात आलं नाही. घरात शिरलं की दाराच्या समोरची वरची जागा तो तोर. तिथे सगळ्यांत वडील माणूस. मग उतरत्या वयानं बाकीचे. दाराशी, बुटांच्या ढिगापाशी, सगळ्यांत धाकटा. यात पैसा येत नाही. मंत्री आला तरी आजोबांच्या खालीच बसतो.

रविवारी बाजारात सगळ्यांच्या हातात फोन होते. कानांबद्दल कुणी बोलत नव्हतं. एकानं मेंढरांच्या गर्दीतूनच ओरडून विचारलं, "आबा, कुठे बसलात?"

"दाराशी," माम्बेताली आबा शांतपणे म्हणाले. "वारा छान लागतो. पुतण्या वर बसलाय, त्याला उकडत असेल."

सगळा बाजार हसला. कुबात तिथेच ट्रकला टेकून धान्याचं आंबट माक्सिम पीत होता. त्याच्या हातातला पेला तसाच राहिला.

दुपारी तो बुरुलच्या फाटकाशी आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"तू मला तोरवर बसवलंस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता आणि म्हणूनच बुरुलला जास्त भीती वाटली.

"आके, ते पैशांप्रमाणे लावलंय. करारात तसंच—"

"आणि आबांना बुटांपाशी. वडील गेल्यावर मला घोड्यावर बसायला कुणी शिकवलं ठाऊक आहे? त्यांनी. त्यांनी मेंढा विकून पैसे दिले, आणि मी त्यांच्या डोक्यावर बसलो, सगळ्या गावासमोर. काढ माझं नाव. मी नाही त्या घरात."

तो गेला. बुरुल फाटकाला धरून उभी राहिली. तिला लाज वाटली, आणि लाज ओसरल्यावर ती हिशेब करायला लागली: कुबात गेला म्हणजे वर्ष गेलं. तोलकुनच्या नि आबांच्या पैशांत सर्व्हरचं भाडंसुद्धा निघणार नव्हतं. मागे खिडकीतून असिलकानबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी पिशवी चळतीवरून उतरवली, तिची चेन ओढून बघितली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

बुरुल धावली झूरा एजेकडे. एजेनं करार काढून वाचला आणि शिक्क्याकडे बघत म्हणाली, "कागद तुझ्या बाजूनं आहे. कोर्टात जा, पैसे मिळतील."

"आणि मग अत-बाशीत तोंड कुठे दाखवू?"

"ते कागदात नाही."

मग बुरुलनं नावं उलटी करायचं सुचवलं. आबा वर, कुबात खाली. एजेनं मान हलवली. सगळ्यांत जास्त पैसे आणि सगळ्यांत वाईट जागा? उद्या कर खात्याचा माणूस विचारणार, यानं नक्की विकत तरी काय घेतलं? करारात ठळक जागा म्हटलंय, ती दिली नाहीस तर तू करार मोडलास. त्याला काहीच नको असेल तर ती देणगी झाली, आणि देणगी तुझ्या कंपनीला अशी घेता येत नाही. वाकडी वाट धरायची असेल तर नोटरी दुसरी बघ.

तोलकुन एजेनं वर्णक्रम सुचवला. लावून बघितला, तर त्यातही कुबातच वर.

बुरुल पंपावर गेली. कुबातचा राग निवळला होता, पण चेहरा उतरलेला होता. खाली बसायला मी एका पायावर तयार आहे, तो म्हणाला, पण बायको विचारते, की नव्या ट्रकसाठी साठवलेले पैसे देऊन बुटांपाशीच बसायचं होतं तर ते घरी फुकटात जमत होतं. मुलं शाळेत सांगून आली आहेत की आमच्या वडिलांचं नाव फोनमध्ये येणार. हे सांगताना त्यानं मान दुसरीकडे वळवली. नाव दिसावं असं त्याला स्वतःलाही फार वाटत होतं, हे न कळायला बुरुल काही दुधखुळी नव्हती.

"मला वर बसवत नाही," तो शेवटी म्हणाला, "आणि खाली बसायला परवडत नाही. तू माझी सही परत दे, मी तुला शिव्या देणार नाही. मिटलं."

त्या आठवड्यात माम्बेताली आबांच्या घरी तुलो होता. कळप वर जाण्याआधी मेंढा कापून सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि वडीलधाऱ्यांनी हात पसरून प्रवासाला आशीर्वाद द्यायचा, हा दरवर्षीचा रिवाज. जायचं नाही असं करून चालत नाही. बुरुल आईबरोबर गेली आणि सवयीनं दाराशी समोवारपाशी बसून चहा ओतायला लागली. तिच्यापेक्षा लहान तिथे कुणी नव्हतं. आबा तोरवर होते, त्यांच्या खालोखाल बाकीचे म्हातारे. झूरा एजे आणि तोलकुन एजे बायकांच्या बाजूला, आणि असिलकानबाई त्यांच्याजवळ.

बुरुल ओतत होती आणि मनात मॉस्कोच्या मशीनचा आवाज ऐकत होती. दार उघडलं, एक शेजारी वाकून आत आला. "कशी आहेस, बुरुल? बरं चाललंय ना?" मग बूट काढून तो वर वळला. पुन्हा दार उघडलं. "अगं बुरुल, थकलीस का?" पुन्हा. पुन्हा. येणारा प्रत्येक जण आधी तिच्याशी बोलत होता. तोरवरच्या माणसाकडे जायच्या आधी दारातल्या माणसाला ओलांडावंच लागत होतं.

तेवढ्यात जेवणाआधी हात धुवायची वेळ झाली. पुरुषांत त्या दिवशी सर्वांत धाकटा होता कुबात. चार ट्रकांचा मालक बाह्या सारून, खांद्यावर टॉवेल टाकून, एका हातात तांब्याची झारी नि दुसऱ्या हातात घंगाळ घेऊन प्रत्येकापुढे गुडघ्यावर बसत होता. आणि हात पुसताना प्रत्येक जण त्याच्याकडे बघून म्हणत होता, "दीर्घायुषी हो, बाळा." कुबात लाजून हसत होता. सबंध घरात इतक्या माणसांनी इतक्या प्रेमानं दुसऱ्या कुणाकडे पाहिलं नसेल.

बुरुलच्या हातातला पेला काठोकाठ भरून सांडला. आमच्याकडे पेला भरगच्च ओतणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं, त्यामुळे तोलकुन एजेनं डोळे वटारले. बुरुलचं तिकडे लक्ष नव्हतं. कुबात झारी भरून घ्यायला दाराशी आला, तेव्हा तिनं त्याची बाही धरली.

"आके, खाली बसा."

"आता? हात धुवून व्हायचेत सगळ्यांचे."

"आत्ता नाही हो. बेल्गीत. दाराशी बसा."

"तोच तर तंटा आहे, पोरी."

"ऐका तरी. घरात शिरणारा आधी कुणाला बघतो?"

कुबातनं झारीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग तिच्याकडे.

"बेल्गी उघडली की आधी दार दिसेल," बुरुल घाईघाईनं बोलत सुटली. "पूर्ण काचभर. त्यावर तुमच्या घोड्यांचा डाग, आणि एकट्या तुमचं नाव. 'कुबातबेक दार उघडतोय, आत या.' दुसरं कुणी नाही. मग आत गेलं की तोरवर आबा, मध्ये तोलकुन एजे. ज्याला मेंढी शोधायचीय त्यानं आधी तुम्हाला भेटायचं. रोज. प्रत्येकानं."

"म्हणजे मी धाकटा."

"आहातच की."

कुबातचा चेहरा हळूहळू पंपावरच्या सहीच्या दिवशी खुलला होता तसा खुलत गेला. पण आता तो आधी कागदाचं विचारायला शिकला होता. झारी हातात तशीच धरून त्यानं बायकांच्या बाजूला हाक मारली, "एजे, हे कागदात बसतं का?"

झूरा एजे गुडघ्यावरच्या रुमालाला बोटं पुसत होती. या खेपेला शिक्का जवळ नसल्यामुळे तिनं नाइलाजानं माणसाकडे पाहिलं. "पहिला पडदा, पूर्ण काच, एकट्याचं नाव," ती म्हणाली. "याहून ठळक जागा मला तरी माहीत नाही. कर खात्यालाही नसणार. पुरवणी करार करू. सकाळी दोघं ऑफिसात या, सही लागेल."

"पुन्हा सही?" कुबात कळवळला.

तोरवरून आबांनी विचारलं, की दाराशी काय कुजबूज चाललीय आणि माझ्या हातांवर पाणी कधी पडणार. कुबात जाऊन त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि पाणी ओतता ओतता त्यानं सगळं सांगितलं. म्हातारबुवांनी अगदी सावकाश हात धुतले, सावकाश पुसले.

"म्हणजे तू दार उघडणार आणि मी आत बसणार."

"हो, आबा."

"माझा मेंढा वाया गेला नाही म्हणायचा," आबा म्हणाले. "एवढा मोठा झाला, पंप घेतला, पण पाहुण्याला आत घ्यायला आज शिकला." मग त्यांचा आवाज जरा बसला. "तुझ्या बापाला आवडलं असतं."

जेवणानंतर हात पसरून आशीर्वाद द्यायची वेळ आली तेव्हा आबांनी कळप, कुरणं, घोडी, मेंढ्या सगळं झाल्यावर फोनमधल्या घरालाही आशीर्वाद दिला. त्याचं दार मोडू नये, त्याची बॅटरी सरू नये, आणि त्यात शिरणाऱ्याला त्याची मेंढी मिळावी. सगळ्या घरानं चेहऱ्यावरून हात फिरवत "ओमीन" म्हटलं. तोलकुन एजे जरा मोठ्यानंच म्हणाली. मध्ये तर ती होतीच, शिवाय तिच्या औषधाचं चित्रही जागेवर होतं.

दुसऱ्या दिवशी पुरवणी करारावर सह्या झाल्या. बुरुलनं रात्रीचा दिवस करून दार बसवलं, आणि आठवडा संपायच्या आत बँकेतून पैसे आल्याचा संदेश फोनवर आला. हातांना एकही नोट न लागता आलेले, सरळ, स्वच्छ पैसे. तिनं तो संदेश आईला मोठ्यानं वाचून दाखवला. असिलकानबाईंनी चष्मा मागितला, स्वतः पुन्हा वाचला आणि चष्मा पुसत बसल्या.

मग घराघरातून कान येऊ लागले. लोक बेल्गी उघडायचे, कुबातला "आलो रे" म्हणायचे आणि आत जायचे. काही जण तर मेंढी हरवलेली नसतानाही जाऊन यायचे. पंपावर कुबात येणाऱ्या प्रत्येकाला, न विचारता, फोन काढून दाखवत होता की मी कसा सगळ्यांत खालचा आहे.

कळप निघायच्या सकाळी असिलकानबाईंनी परातभर बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे फुगीर तुकडे, तळले. आबांच्या माणसांबरोबर वर पाठवायचे होते, आणि एवढे मावतील असं घरात काही नव्हतं.

"ती पिशवी काढ," त्या बुरुलला म्हणाल्या. "रिकामी कर आणि आण."

बुरुलनं जड ओझं उचलायच्या तयारीनं दोन्ही पाय रोवले, पिशवीला हिसका दिला आणि ती पाठीमागे पडता पडता वाचली. पिशवीला वजनच नव्हतं. तिनं चेन उघडली. आत तिचा कोट नव्हता, बूट नव्हते, कपडे नव्हते. नुसती लोकर कोंबलेली होती, काठोकाठ.

"आपा, यात लोकर आहे," ती आईला म्हणाली.

"मग? लोकर ठेवायला घरात दुसरी जागा कुठे आहे?"

"तू म्हणायचीस रोज एकेक वस्तू भरतेय."

असिलकानबाई कढईतले बोरसोक झाऱ्यानं हलवत राहिल्या. "मशीन खरं होतं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तुझी बहीण विचारायची, भरली का पिशवी, तेव्हा काहीतरी दाखवायला नको? तुझा कोट दोनदा काढला मी. दोनदा घडी केली. आत ठेवायला हात होईना."

बुरुल जमिनीवरच बसली, मांडीवर लोकरीची पिशवी घेऊन. हसावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. बाहेर घोड्यांच्या टापा वाजल्या आणि फाटकातून आबांनी हाक मारली, की बोरसोक तयार आहेत का, की आम्ही उपाशीच डोंगर चढायचा.

"ऊठ," असिलकानबाई अॅप्रनला हात पुसत म्हणाल्या. "माणसं आलीत. दाराशी बस आणि चहा ओत. तिथे दुसरं कोण बसणार आहे?"